‘शुगर असताना धोका कमी कसा?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

वडिलांना दहा वर्षांपासून शुगर आहे, तरी आमच्या केंद्राच्या जनुकीय रिपोर्टमध्ये मधुमेहाचा धोका ‘सरासरीपेक्षा कमी’ आला. लाळेचा पहिला नमुना बाद झाला. स्मृतिभ्रंशाचं पान मागूनही तुम्हाला दिलं नाही, आणि वर साध्या रक्ततपासण्या लिहून दिल्या. तुमचा राग समजतो. म्हातारपण धडधाकट जावं म्हणून ही तपासणी करणाऱ्या इतर घरांनाही हेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तर इथेच देतो. तुम्ही लिहिलंय त्यापलीकडचं वडिलांबद्दल काही लिहिणार नाही.

मधुमेहाचा तो अंदाज अनेक जनुकीय बदलांचा लहान लहान वाटा जोडून काढतात. त्यातून जन्मजात कल कळतो. आज रक्तात साखर किती, हे कळत नाही. हे गणित ज्या माहितीवर बसवलंय ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, म्हणून आपल्याकडे ते कमी नेमकं ठरतं. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. सरासरीच एवढी असेल तर तिच्यापेक्षा कमी म्हणजे निर्धास्त नव्हे. पोटाचा घेर, बैठं काम आणि अपुरी झोप यांचा वाटा जनुकीय अंदाजात धरलेलाच नसतो.

शुगर असलेल्या माणसाची किडनी आज कशी आहे, हे रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) यांवरूनच कळतं, जनुकांवरून नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) यांचंही तेच. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या रक्तातल्या एका चरबीकणाची तपासणी, बहुतेकांना आयुष्यात एकदाच करावी लागते. त्याचं प्रमाण दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर मुलांनीही ती करून घ्यावी, कारण ते मुख्यतः आनुवंशिक असतं.

तुमच्या रिपोर्टमधलं सगळ्यात कामाचं पान आम्हाला विचाराल तर औषधांचं. क्लोपिडोग्रेलची, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी, गोळी यकृतात गेल्यावर सीवायपी२सी१९ या जनुकाच्या एन्झाइममुळे कामाला लागते. या जनुकाच्या दोन्ही प्रती (आईकडची आणि वडिलांकडची) निकामी असतील तर ती नीट लागू पडत नाही, आणि अँजिओप्लास्टीनंतर हे महागात पडू शकतं. ते पान वडिलांच्या फाइलमध्ये कायम ठेवा, डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून मात्र कुठलीही गोळी बंद करू नका.

नमुना नेमका कशामुळे बाद झाला, ते चारचौघांत लिहिणार नाही. सर्वसाधारणपणे खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण), तंबाखू किंवा चहा नुकताच घेतलेला असतो. सुपारीतली द्रव्यं डीएनएच्या चाचणीत अडथळा आणतात. काही जण फेसच रेषेपर्यंत भरतात, पण मोजायची ती फेसाखालची लाळ. पाण्याने चूळ भरून अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग नळी भरायची, झाकण घट्ट लावून ती हलवायची, म्हणजे टिकवणारं द्रव लाळेत मिसळतं. नागपूरच्या उन्हाळ्यात, त्यातून लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर, वयस्कांचं तोंड कोरडं पडतं. अशा वेळी जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेणं उत्तम.

आता स्मृतिभ्रंशाचं ते पान. एपीओई जनुकाचा ई४ प्रकार असला की अल्झायमरचा धोका वाढतो, दोन प्रती असल्या तर आणखी. तरीही ई४ असलेल्या अनेकांना तो आजार कधीच होत नाही, आणि नसलेल्यांनाही होतो. म्हणून ते पान ज्यांचा नमुना आहे त्यांच्याच लेखी संमतीने आणि समुपदेशनानंतर उघडतो, पैसे कोणीही भरलेले असोत. वडिलांच्या दोन्ही प्रती ई४ निघाल्या, तर प्रत्येक मुलात एक ई४ नक्की असणार. म्हणजे त्या पानावरून तुमच्याबद्दल आणि तुमच्या भावंडांबद्दलही कळतं. ते हवं की नको, हे तुम्ही सगळ्यांनी आधी घरी बोलून ठरवावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. हा नियम आम्ही बदलणार नाही.

वडिलांची स्वतःची इच्छा असेल तर त्यांना घेऊन धंतोलीच्या केंद्रावर या. समुपदेशक पुरेसा वेळ देतील, वेगळी फी नाही. येताना चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट सोबत आणा.