जोंगा विकणे आहे, घाई नाही

परसात शेवग्याखाली चार विटांवर जी जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी जीप, उभी आहे, तिला घरचे भंगार म्हणतात. तुम्ही आजपासून तिला 'प्रोजेक्ट' म्हणा. किंमत तिथेच दुप्पट झाली.

जाहिरातीत 'रिस्टोरेशनसाठी उत्तम' हे आलंच पाहिजे. म्हणजे भाव चकाचक तयार गाडीचा आणि माल आहे तसा. खालचा पत्रा गळून पडला असेल तर 'पत्रा मूळचा' लिहा. जो उरलाय तो मूळचाच आहे. इंजिन जाम असेल तर 'उभी केली तेव्हा चालू होती' एवढं पुरे. कधी उभी केली असं कुणी विचारलंच, तर वडिलांचं नाव घ्या आणि जरा वेळ गप्प राहा.

इतिहास मात्र हात सैल सोडून द्या. निसानच्या पॅट्रोल गाडीवरून बेतलेली जोंगा १९६९ पासून १९९९ पर्यंत जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनत होती. हे सगळं खरं असल्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नाही. तुमची गाडी १९७१ च्या युद्धात लोंगेवालाला होती. कागदावर १९८४ साल निघालं तर लोंगेवाला सोडा, सियाचीन घ्या. जोंगा हिमनदीवर कशी चढली, असं विचारणारं गिऱ्हाईक आपलं नव्हेच. १९९८ असेल तर कारगिल आहेच. आपल्या लष्कराने विकणाऱ्याची कुठल्याच दशकात गैरसोय केलेली नाही.

मूळचं सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन कुणीतरी केव्हाच काढून डिझेल बसवलेलं असतं. त्याला 'मायलेजसाठी सुधारित' म्हणावं. मूळ इंजिन जागेवर असेल, तर मायलेज हा शब्दच उच्चारू नये.

कागदपत्रांचं विचारलं की चहा मागवा. लष्कराच्या लिलावाचं पत्र वाळवीने खाल्लंय, आरसीवरचा चासी नंबर चासीवर सापडत नाही, हे चहाबरोबर सांगता येतं. 'विंटेजमध्ये नोंदवून टाका की!' असा सल्ला वर द्या. २०२१ च्या नियमांनुसार त्याला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात, फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही आणि रोजच्या वापराला गाडी रस्त्यावर काढता येत नाही, हा भाग त्याचा त्याला वाचू द्या. वाचनाची सवय चांगली.

रंगाचे दोन डबे मात्र फुकट द्या, लष्करी हिरव्याचे. माणसं जोंगा घेतात ती त्या रंगासाठीच. संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणाला तो रंग लावता येत नाही, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम आहे. तो सांगायला चौकात हवालदार असतो. त्याच्या पोटावर पाय कशाला?

एवढं जमलं की दर रविवारी दोनचार जण येतील, बॉनेट उघडतील, 'आता असं लोखंड मिळत नाही' म्हणतील. तुम्ही मान डोलवा. खरं तर जाहिरात त्यासाठीच दिलेली असते. फक्त एखादा वेडा मागाल तेवढी रक्कम रोख घेऊन क्रेनसकट दारात उभा राहिला, तर 'मुलगा नको म्हणतोय' असं सांगायचं. मुलाला आधी पढवून ठेवा. तो नेमका 'घेऊन जा' म्हणायचा.