तीन संगणक आणि दातांच्या तारा

आमच्या घरात माणसे चार, संगणक तीन आणि प्रत्येक संगणकातले कॅलेंडर स्वतंत्र. त्यामुळे कोणाला कधी कुठे जायचे आहे हे फक्त जाणाऱ्यालाच ठाऊक असे आणि बहुधा तोही ते विसरलेला असे. हा गोंधळ निस्तरण्याचा विडा मी एका रविवारी, कोणीही सांगितले नसताना, उचलला.

कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीसाठी 'आयकॅलेंडर' नावाचे प्रमाण १९९८ सालीच ठरले आहे, हे वाचून मला धीर आला. माझ्या कॅलेंडरची आयसीएस फाईल, म्हणजे या प्रमाणात लिहिलेली नोंदींची फाईल, काढून मी ती उरलेल्या दोन्ही संगणकांत इम्पोर्ट केली आणि घरभर विजयी मुद्रेने फिरलो. इम्पोर्ट म्हणजे निव्वळ झेरॉक्स, मूळ कागदावर नंतर केलेली खाडाखोड तिच्यात उतरत नाही, हे मला पुढच्याच आठवड्यात कळले. मुलीच्या दातांच्या तारा आवळण्याची दरमहाची वेळ चारऐवजी सहा झाली होती. मी ती माझ्याकडे इमानाने बदलली आणि मायलेकी चार वाजताच दवाखान्यात जाऊन दोन तास बसल्या.

मग मी कॅलेंडर सबस्क्राइब करण्याचा मार्ग धरला. त्यात माझे बदल इतरांना दिसत, तेही सवडीने. पण त्यांना स्वतःला काहीही लिहिता येत नसे. "बाबा, हा तर नोटीस बोर्ड झाला," असे मुलगा म्हणाला.

अखेर कॅलडॅव्ह आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत कॅलेंडर सर्व्हरवर, म्हणजे सर्वांच्या सामायिक संगणकावर, राहते आणि सर्वांना त्यात लिहिता-खोडता येते. उत्साहाच्या भरात मी तिन्ही संगणकांतल्या नोंदी त्यात ओतल्या. प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक असतो म्हणे, पण आमच्याकडे कुठेतरी तो नव्याने दिला गेला असावा, कारण तारा आता तीन-तीनदा आवळल्या जाणार होत्या. जादा नोंदी पुसा, असे मी फर्मावले. तिघांनी आपापल्या संगणकावर, एकमेकांना न विचारता, एकेक नोंद ठेवून बाकीच्या दोन पुसल्या. प्रत्येकाने ठेवलेली नोंद वेगळी होती आणि पुसणेही सिंक होते, म्हणजे एकाने पुसलेले इतरांकडूनही पुसले जाते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कॅलेंडर धुतल्यासारखे स्वच्छ झाले.

सुदैवाने पहिल्या रविवारची आयसीएस फाईल मी जपून ठेवली होती. तिच्यातून सर्व नोंदी जशाच्या तशा परत आल्या आणि या महिन्यातही मायलेकी दवाखान्यात बरोबर चार वाजता पोहोचल्या.