शाईचं चित्र बघायची रीत

परवा संभाजीनगरात एका प्रदर्शनात भाच्याच्या चित्रापाशी दिवसभर उभा होतो. बाजेवर झोपलेला म्हातारा. काळी शाई, ब्रश, बाकी कोरा कागद. आलेल्या रसिकांकडून जे शिकलो ते तुमच्याही कामी यावं.

समोर येताच विचारायचं, "कामून ओ, रंग संपले होते का?"

मग मोठ्यानं, "झोपलाय का गेलाय?" सोबतच्यांनी हसायचं.

बोट लावून बघायचं. लाजू नका, १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी अजिंठ्याला आला तेव्हा दहाव्या लेण्यात चक्क स्वतःचं नाव कोरून गेला. तुम्ही तर नुसतं बोट लावताय.

"माझा नातू याच्याहून भारी काढतो." हे राहूच द्यायचं नाही.

आता मुख्य मुद्दा, भाव. आधी विचारा, किती वेळ लागला? पोरगं भोळं, खरं सांगतं, "दहा मिनिटं." की लगेच, "मग एवढे पैसे?" मिनिटाचा दर काढा. खांद्यापासून कमरेपर्यंत आलेली ती एक रेघ मात्र बघू नका. मधेच ब्रश कोरडा पडलाय, रेघ फाटलीय, आणि नेमकं तिथंच म्हाताऱ्याचं अंग सैल पडलंय. उशीखालचा हात काढलेलाच नाही. ओल्या कागदावर पसरलेल्या एका डागानं डोक्याचा भार कळतो. शाई खोडता येत नाही आणि झोपलेला माणूस कधी कूस बदलेल याचा नेम नाही, म्हणून दहा मिनिटं! त्याच्या आधी बसस्टँडवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलेली माणसं काढून काढून वह्या भरल्यात त्यानं. त्या कोणत्या दरानं लावता? रेम्ब्रांट या डच चित्रकारानं १६५४ च्या सुमारास झोपलेल्या तरुणीचं चित्र असंच ब्रशनं, तपकिरी शाईत काढलं. थोडे फटकारे, बाकी कागद मोकळा. ब्रिटिश म्युझियमनं जपून ठेवलंय. तुम्ही असता तर म्हणला असता, फ्रेमचे तेवढे घ्या!

म्हणलेच एकजण. शब्दाला शब्द हेच. लेकाच्या लग्नात एका रात्रीच्या मांडवावर लाखो उधळणारा माणूस.

अहो, कळत नाही तर गप उभं राहा ना दोन मिनिटं! चित्रकार शेजारी स्टुलावर बसलाय, त्याला विचारा, तो आनंदानं सांगेल. त्याच्या तोंडावर त्याच्या कामाची टिंगल कशाला? एसीत बसायला आला असाल तर खुर्च्या तिकडं आहेत. आणि भजी खाऊन आलात तर हात धुऊन तरी या!