बाटली काळी पडू नये म्हणून

पाण्याचा नमुना घ्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. पंचगंगेकाठी आजवर कोणी ना कोणी ते निभावत आलंच आहे.

आधी नळ निवडा. नियम सांगतो, लाइनच्या शेवटच्या टोकाचाही नमुना घ्या. तिकडं फिरकूच नका. टोकाला पोचेपर्यंत क्लोरीन दमलेलं असतं. त्यात पाणी गेलं की रिकामी लाइन फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचा घोट घेते, आणि पुन्हा पाणी सुटलं की पहिला हंडा त्याचाच. तुम्ही आपले टाकीच्या पायथ्याशी उभे राहा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडल्या पडल्या. लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवं ना? क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टला असा पिवळा रंग येईल की सांगलीचा हळदबाजार आठवावा.

मग बाटली. लॅबवाले निर्जंतुक बाटली देतात, तळाला चिमूटभर थायोसल्फेट. ते बाटलीतलं क्लोरीन जागच्या जागी थांबवतं, म्हणजे नळातून निघताना पाणी नेमकं कसं होतं ते कळावं. इतकी चौकशी हवीय कुणाला? बाटली खळखळून धुवा, थायोसल्फेट वाहून जाऊ द्या. क्लोरीन मग लॅबच्या दारापर्यंत जंतूंचे मुडदे पाडत जाईल.

गावाकडं असाल तर एचटूएसची, म्हणजे जंतू असले की काळी पडणारी, बाटली मिळेल. 24 ते 48 तासांत काळी पडली की पाण्यावर संशय. पण आतल्या जंतूंना वाढायला ऊब लागते, हे ध्यानात ठेवा. डिसेंबरात बाटली पन्हाळ्याला धाडून द्या. जिवाला थंड हवा, अहवालालाही.

एवढं करूनही कोलिफॉर्म जंतू निघालेच, तर ‘ते बहुतेक निरुपद्रवी असतात’ म्हणून मोकळे व्हा. खोटं नाही ते. कोलिफॉर्म नुसता खबऱ्या आहे. त्यातला ई-कोलाय तर सरळ सांगतो की पाण्यात मैला मिसळलाय. 100 मिलिलिटरमध्ये तो एकही दिसता कामा नये, असं भारतीय मानक म्हणतं. मैल्यासोबत कावीळ आली की कॉलरा आला, हे तो सांगत नाही. न सांगणाऱ्या खबऱ्याचं ऐकायचं कशाला!

कुणी इचलकरंजीची 2012 ची काविळीची साथ उकरून काढली, तर चटकन पुराचा विषय काढा. 2019 चा मोठा की 2021 चा, यावर कोल्हापुरात दोन तास सहज जातात. (पुरात नदीचं पाणी दारात आणि नळ कोरडा, हा तपशील वगळा.)

शेवटी दोन कागद तयार ठेवा. एक अहवाल: ‘पाणी पिण्यास योग्य.’ दुसरं जाहीर आवाहन: ‘नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे.’ तारीख एकच टाका, सहीही एकाच पेनानं करा. कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारायला आलाच, तर त्याला बसवा, चहा मागवा. चहाचं पाणी उकळलेलं असतं.