'आस्क'ची सोयरीक 'आस'शी नाही, 'इच्छा'शी आहे

इंग्रजी 'आस्क' आपल्या 'आस'वरून आला असं कुणी ठोकून दिलं, तर मान डोलावू नका. शब्दांची सोयरीक कानाने जुळवत नाहीत. आधी दोन्हीकडची जुनी रूपं काढायची, मग तोच ध्वनिबदल आणखी चार शब्दांत सापडतो का ते बघायचं.

'आस' आली 'आशा'तून. 'आस्क' जुन्या इंग्रजीत होता 'आस्कियान', आणि त्याही आधी त्या 'आ'च्या जागी 'ऐ' होता. संस्कृतात त्याची जोड लागते 'इष्' धातूशी. गुण झाला, म्हणजे 'इ'चा 'ए' झाला, की 'एषणा', वर्तमानकाळात 'इच्छति'. यातला 'च्छ' म्हणजे मूळचा 'स्क'. रशियनमध्ये तो शाबूत आहे: 'इस्कात्' म्हणजे शोधणं. सीबीआयच्या नावातलं 'अन्वेषण' त्याच घरातलं. मूळ अर्थ हवंसं वाटणं, शोधणं. म्हणून तर 'आस्क' म्हणजे विचारणं आणि 'आस्क फॉर' म्हणजे मागणं. (आणि हो, इंग्रजीने तो संस्कृतातून उचललेला नाही. दोघी चुलतबहिणी, आजी एक.)

खरी गंमत 'पुसणं'ची. पत्ता पुसणं हं, फळा पुसणं नव्हे, ते वेगळं. संस्कृत 'पृच्छति', प्राकृत 'पुच्छइ', मग आपलं 'पुसणं'. त्याचं भावंड जर्मन 'फ्रागेन'. जुन्या इंग्रजीतही 'फ्रिग्नान' होतं, ते मेलं. पण लॅटिन आणि फ्रेंचमार्गे तेच कूळ 'प्रे' होऊन इंग्रजीत परत शिरलं. आपली पृच्छा त्यांच्या प्रार्थनेत, आपली इच्छा त्यांच्या विचारण्यात!

'आस्क'ऐवजी 'आक्स' म्हणणाऱ्यांना अडाणी समजतात, तेही चूक. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपं नांदत होती. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर 'आक्स' लिहितो, 1535च्या छापील इंग्रजी बायबलातही 'आक्स'च आहे. 'क' आणि 'स'ची ही अदलाबदल आपल्याला नवी नाही. 'नुकसान'चं 'नुस्कान' करतो की आपण.

वापरताना आपण अडखळतो ते मात्र मराठीमुळे. 'त्याला विचारलं' यातला 'ला' आपण 'टू' करून चिकटवतो: 'आस्क टू हिम'. तिथे 'टू' नको, नुसतं 'आस्क हिम'. 'विचारलं की तो कुठे आहे' यातल्या 'की'चा 'दॅट' होतो, तोही काढा. शिवाय आतल्या प्रश्नात क्रम साध्या वाक्याचाच ठेवायचा: 'आय आस्क्ड व्हेअर ही वॉज', 'व्हेअर वॉज ही' नाही. आणि भूतकाळाचा उच्चार 'आस्केड' नसून 'आस्क्ट'. घाईत इंग्रजही त्यातला 'क' गिळून 'आस्ट' म्हणतात.