डायनासोर ऑक्सिजनमुळे मोठे झाले नाहीत

‘पूर्वी हवेत ऑक्सिजन जास्त होता, म्हणून प्राणी अवाढव्य होते.’ हे इतक्या वेळा फॉरवर्ड होतं की लोक ते गृहीतच धरतात. कीटकांच्या बाबतीत त्यात बरंच तथ्य आहे. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून हवा शिरते आणि बारीक नळ्यांमधून थेट पेशींपर्यंत जाते. शरीर वाढलं की नळ्या लांबतात आणि टोकाला ऑक्सिजन पुरत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास होता (आज २१ टक्के आहे). त्या काळी मेगॅन्यूरा हा चतुराचा नातलग पंख पसरला की ६५-७० सेंटिमीटर भरायचा.

हेच उत्तर डायनासोरांना चिकटवणं मात्र चूक. ‘तेव्हा गुरुत्वाकर्षण कमी होतं’ हे तर साफ खोटं.

मोठं होण्यातली खरी अडचण वजनाची असते. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की पायाच्या हाडाचा छेद चौपट होतो, पण वजन आठपट. लांब मानेच्या सॉरोपॉडांनी यातून वाट काढली ती शरीररचनेच्या जोरावर. मणक्यांत पोकळ्या, त्यात पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या. त्यामुळे मान लांब असूनही हलकी. चावायची भानगडच नाही, पाला ओरबाडून गिळायचा. मग जड जबडा नको, दाढा नकोत, डोकं लहान ठेवून भागतं. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यांची अंडी: साधारण फुटबॉलएवढी, एका खेपेला बरीच. हत्तीण २२ महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. सस्तन प्राण्यांत जितकी मोठी मादी तितकी संथ वीण, त्यामुळे एखादा वाईट काळ आला की संख्या भरून निघत नाही. जमिनीवरचे सस्तन प्राणी पॅरासेराथेरियम या गेंड्याच्या नामशेष नातलगाच्या १५-२० टनांच्या आसपास थांबले आणि पॅटागोटायटन हा सॉरोपॉड ५० टनांपलीकडे गेला, त्यात या फरकाचा वाटा मोठा असावा.

शिवाय आपली तुलनाच अन्यायाची असते. कोट्यवधी वर्षांतले निवडक धिप्पाड प्राणी एका बाजूला आणि आजचा एक क्षण दुसऱ्या बाजूला! कोंबडीएवढे डायनासोरही होते; त्यांची नाजूक हाडं कमी टिकली आणि चित्रांत तर हे छोटे डायनासोर येतच नाहीत. आजवर माहीत असलेल्या प्राण्यांत सर्वांत वजनदार असलेला निळा देवमासा आजही समुद्रात पोहतो आहे. पाणी भार पेलतं, म्हणून त्याला दीडशे टनांचं शरीर परवडतं.

आज जमीन महाकाय प्राण्यांविना रिकामी वाटते त्याचं कारण फार जवळचं आहे. ऑस्ट्रेलियातले अजस्र शिशुधानी (कांगारूसारखे पोटाला पिशवी असलेले) प्राणी, अमेरिकेतले जमिनीवरचे महाकाय स्लॉथ आणि हत्तीसारखे मॅस्टोडॉन हे माणूस तिथे पोचल्यानंतर संपले. हवामानबदलाचा वाटा किती यावर वाद आहे, पण न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याबाबत तो जवळपास मिटलाय. माणसं तिथे तेराव्या शतकात उतरली आणि साधारण दोनशे वर्षांत मोआच्या सगळ्या जाती नाहीशा झाल्या. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावर मात्र मॅमथ (केसाळ हत्ती) सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जगले. तेव्हा इजिप्तमधले पिरॅमिड बांधून झाले होते आणि हवेत ऑक्सिजन आजच्याइतकाच होता.