खिशातली कडक भाकरी

सोलापूरकराला शिदोरी शिकवावी लागत नाही. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी, वर घडी घातलेली चादर. पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्सही, म्हणजे विंडोजऐवजीची सिस्टीम, तसंच, कॉम्प्युटर कुणाचाही असो, आतला संसार आपला. त्याला पासवर्डाशिवाय न उघडणारं कुलूप (एन्क्रिप्शन) घालायचं मनात आलं की मात्र रविवार गेला म्हणून समजा.

पेनड्राइव्ह दोन लागतात, हे आधी कुणी सांगत नाही. इन्स्टॉलरला 8 जीबीचा पुरतो, सिस्टीमला 32 जीबी तरी हवा. रस्त्यावर 512 जीबीचा पेनड्राइव्ह चहा-भज्यांच्या भावात मिळाला, तर आधी खरी जागा तपासणाऱ्या 'एफ3' प्रोग्रामनं काठोकाठ भरून पुन्हा वाचून बघावा. पोटातून 8 जीबी निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर लिहिणारी 'डीडी' ही कमांड म्हणजे अगदी आज्ञाधारक सून. पेनड्राइव्हचं नाव 'एसडीबी', त्याच्या जागी आतल्या डिस्कचं 'एसडीए' टाका, 'नक्की ना?' असं एका शब्दानं न विचारता घरच्या डिस्कवरची लग्नाचे फोटो, जीएसटीची बिलं धरून सगळी झाडलोट करते. म्हणून आधी डिस्कची यादी देणारी 'एलएसबीएलके' चालवून आकार बघायचा. 1 टीबी दिसलं तर तो पेनड्राइव्ह नव्हे. शिवाय 'डीडी'पुढे 'कॉन्व्ह=एफसिंक' लिहायचंच. नाहीतर दहा सेकंदांत 'झालं' म्हणते, माल अजून रॅममध्येच असतो, आणि आपण काडी उपसून मोकळे. यूपीएस नसेल तर मे महिन्याच्या दुपारी हा उद्योग नकोच.

पेनड्राइव्हची विभागणी सोपी आहे. जीपीटी टेबल (भागांची यादी), जुन्या कॉम्प्युटरच्या बायोससाठी 1 एमबी, नव्यांच्या ईएफआयला 512 एमबी, सिस्टीम सुरू करायच्या फायलींच्या बूटला 1 जीबी, उरलेलं सगळं लक्स-2 या लिनक्सच्या एन्क्रिप्शनच्या कुलपात. बूट कुलपाबाहेर का? कुलूप काढणाराच आत कोंडला तर दार कोण उघडणार!

खरा घोळ बूटलोडरचा, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा. सिस्टीम पेनड्राइव्हवर टाका म्हटलं तरी काही इन्स्टॉलर बूटलोडर घरच्या डिस्कवर नेऊन ठेवतात. पेनड्राइव्ह खिशात घालून तुम्ही सात रस्त्याला पोचता, तेवढ्यात घरून फोन. काळ्या पडद्यावर 'ग्रब' हे बूटलोडरचं नाव एवढंच दिसतंय, आणि मुलीचा ऑनलाइन फॉर्म आजच भरायचाय. उपाय दोनच. इन्स्टॉल करताना आतल्या डिस्कची केबल काढून ठेवायची, किंवा बूटलोडर बसवणाऱ्या 'ग्रब-इन्स्टॉल' कमांडला 'रिमूव्हेबल' जोडायचं. केबल काढलेली बरी. केबल चुकत नाही, माणूस चुकतो.

पुढची गंमत परगावी कळते. लक्स-2चं आर्गॉन2, म्हणजे पासफ्रेजमधून (लांब पासवर्डातून) किल्ली घडवणारं तंत्र, कुलूप बनताना त्या मशिनची ताकद जोखतं. घरी 16 जीबी रॅम असेल तर ते उघडताना प्रत्येक वेळी 1 जीबीपर्यंत रॅम मागायला मोकळं. पाहुण्यांच्या 2 जीबीवाल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मग पासफ्रेज बरोबर, पण कुलूप धापा टाकतंय. कधी मेमरी पुरत नाही म्हणून सरळ नकार. ही रॅमची मर्यादा ठरवणारी 'पीबीकेडीएफ-मेमरी' आधीच 262144 केबी, म्हणजे 256 एमबी ठेवली की निभतं.

पासफ्रेजला सोलापूर उत्तम. मराठी, कन्नड, तेलुगू मिळून कसलेही सहा शब्द चिठ्ठ्या टाकून उचला, फक्त रोमन अक्षरांत लिहा. कुलूप उघडायच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. आकडे वरच्या ओळीतलेच दाबा, कारण नमलॉक बंद असू शकतं आणि पडद्यावर अक्षरंच दिसत नसल्यानं चूक कळत नाही. तीनदा चुकून तावातावानं चौथ्यांदा तेच टाइप करणारे मी बरेच पाहिलेत.

सगळं जमलं की 'लक्सहेडरबॅकअप'नं कुलपाची नोंद दुसरीकडे काढून ठेवा. ही नोंद कुलूपबंद भागाच्या सुरुवातीच्या 16 एमबीत असते. तिच्यावर काही उमटलं तर पासफ्रेज तोंडपाठ असूनही उपयोग शून्य. आणि उमटायला वेळ लागत नाही. विंडोजला हे कुलूप वाचता येत नाही, त्यामुळे बऱ्याचदा ते 'आधी फॉरमॅट करा' म्हणतं. अशा वेळी घरात एखादा भाचा असतोच.

"मामा, तुमचं पेनड्राइव्ह फॉरमॅट मागायलंय."

"हात लावू नको बे!"

"दिलो की मगाशीच."